बायपासची चावी

लॅपटॉपच्या गळ्यात झेंडूची माळ होती, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि एवढा मानपान होऊनही त्याचं वायफाय काही लागत नव्हतं.

तनुजा सकाळपासून त्याच्यासमोर बसून होती. दसऱ्याची सुटी संपून कारखाना आजच उघडला होता. निघोज्याच्या फाट्यावरून आत वळलं की गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या ज्या छोट्या छोट्या शेड लागतात, त्यातलीच ही एक. मोठ्या गाडी कंपनीला माल द्यायचा. ती सांगेल तेव्हा, ती सांगेल तसा. तिच्याकडं लाइन चालू झाली की इकडं सगळ्यांनी धावायचं, आणि तिनं डोळे वटारले की मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी चळाचळा कापायचं, असा एकूण कारभार.

लॅपटॉप जुना होता, ऑफिसातल्या कुणाच्या तरी टेबलावरून उतरलेला. तनुजानं त्यावर लिनक्स टाकून त्याला शेडमध्ये कामाला लावलं होतं. पत्रा ठोकणाऱ्या प्रत्येक प्रेसवर एक सेन्सर होता, म्हणजे डायच्या, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडाशी प्रकाशाचा एक न दिसणारा पडदा. त्या पडद्यात हात गेला की वरून येणारा अवजड रॅम जागच्या जागी थांबायचा. कोणता सेन्सर चालू आहे, कोणता नाही, ही खबर वायफायवरून लॅपटॉपला जायची, लॅपटॉप ती मोठ्या कंपनीला दाखवायचा, आणि लॅपटॉपनं होकार दिल्याशिवाय एकही प्रेस हलायची नाही. मोठ्या कंपनीची अटच होती तशी. बाहेरून माणसं आणून हे करायचं तर मालकांना तो खर्च परवडला नसता, पण त्यांना घरचीच पोरगी मिळाली.

घरची म्हणजे सोपानरावांची. सोपानराव केजकडून इथं आले तेव्हापासून प्रेसवरच होते; त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली माणसं आता चाकणभर पसरली होती. शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. पोरीला त्यांनी डिप्लोमापर्यंत शिकवलं आणि मग स्वतः मालकांपुढं उभं राहून तिला इथंच लावून घेतलं. बापाची प्रेस आणि पोरीचं टेबल, मध्ये फक्त एक खांब. जेवणाच्या सुटीत ते मुद्दाम तिच्या टेबलाशी डबा उघडायचे, सगळ्यांना दिसावं म्हणून.

त्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड म्हणजे एक नमुना होता. ज्यांनी ते बनवलं त्यांनी लिनक्ससाठी धड ड्रायव्हरच दिलेला नव्हता, आणि ड्रायव्हर नसेल तर कार्डाला सिस्टिमचं आणि सिस्टिमला कार्डाचं काही म्हणता काही कळत नाही. पहिल्यांदा बसवताना त्यानं तनुजाच्या नाकी नऊ आणले होते. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी लिहून ठेवलेलं वाचत, कुणीतरी हौसेनं करून ठेवलेला ड्रायव्हर उतरवून, तो आपल्या लॅपटॉपवर नव्यानं बांधून, शेवटी एकदाचं ते कार्ड जिवंत झालं. सोपानरावांनी त्या दिवशी सगळ्या लाइनीला पेढे वाटले. वायफाय म्हणजे नक्की काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोरीनं काहीतरी मेलेलं उठवलंय, एवढं त्यांना पुरलं.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली होती. आदल्या दिवसापासूनच मशिनींची धुणीपुसणी चाललेली. प्रेस बंदच आहेत तर, म्हणून तनुजानं त्या सकाळी लिनक्स अपडेट करून घेतलं आणि लॅपटॉप बंद केला. झाडलोट करणाऱ्या कौशल्याबाई ओलं फडकं घेऊन टेबलाशी आल्या, तेव्हा तनुजानं त्यांना थांबवलं. "मावशी, ह्याला पाणी नको. हे मी पुसते." तिनं तो कोरड्या कपड्यानं कडा न् कडा लख्ख पुसला. मग सोपानराव हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. "माझ्या मशिनीची मी केली," ते म्हणाले, "तुझ्या मशिनीची तू कर माय." तिनं बोटं बुडवून लॅपटॉपला कुंकू लावलं, माळ घातली, दोघांनी हात जोडले. दसरा होईपर्यंत पूजेच्या मशिनीला हात लावायचा नसतो, म्हणून कुणी लावला नाही.

आणि आज हे असं. अपडेट झालं की लिनक्सचा गाभा बदलतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि मग ते रुसकं कार्ड पुन्हा मनवावं लागतं, हे तनुजाला पाठ होतं. त्यामुळे वायफाय मेलेलं दिसल्यावर ती घाबरली नाही.

"अपडेटनं घाण केली," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

ज्यांना ती हे म्हणाली ते दादासाहेब, शेडचे सुपरवायझर. निघोज्याच्या जुन्या घरातले, मालकांचे चुलत भाचे. जिथं आता प्रेस उभ्या होत्या तिथं त्यांच्या आज्याचं बाजरीचं वावर होतं, आणि ती गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. माणूस वाईट नव्हता. मोठ्या कंपनीचा फोन वाजला की मात्र त्यांच्यातला माणूस उठून बाहेर जायचा आणि आत नुसता फोन उरायचा.

दहा मिनिटं झाली, मग आणखी दहा, मग कुणी मोजेनासं झालं. लॅपटॉपचं नेटवर्कची केबल लावायचं भोक कधीच तुटलेलं, त्यामुळे तार जोडून भागवायची सोय नव्हती. बाजारातून दुसरं कार्ड आणावं तर त्याचाही ड्रायव्हर शोधणं आलं. गेटवर जमा केलेला तिचा फोन दादासाहेबांनी नियम मोडून आणून दिला, तो यूएसबीला जोडून त्याच्या इंटरनेटवर तिनं ड्रायव्हर नव्यानं उतरवला. बांधला. काही नाही. तिनं लॅपटॉप जुन्या कर्नलवर सुरू करून पाहिला. तिथंही काही नाही.

खरं म्हणजे तिथंच सगळं कळायला हवं होतं. परवापर्यंत ज्या कर्नलवर कार्ड सुरळीत चालत होतं, त्याच्यावरही ते उठत नसेल, तर खोट अपडेटची नाही. ती दुसरीकडं शोधायला हवी. इतकी साधी गोष्ट. पण मागच्या खेपेला ड्रायव्हरनंच तिला रडवलं होतं, त्यामुळे आताही चोर तोच, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिनं असलेला ड्रायव्हर पुसून टाकला आणि पहिल्यापासून बांधायला घेतला.

प्रेसवरची माणसं हातावर हात धरून बसली होती. नवनाथ नावाचा तरुण ऑपरेटर होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मामा, देवानं तुमच्या पोरीचा कॉम्प्युटर नेला वाटतं दसऱ्याला." सगळे हसले. सोपानरावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

दादासाहेब परत आले. "मॅडम, कंपनीचा फोन आलता. त्यांची लाइन आपल्या मालासाठनं हुभी ऱ्हाती का काय अशी गत हाय. आता चावी द्या."

चावी बायपासची होती. ती प्रेसच्या पॅनेलमध्ये फिरवली की लॅपटॉपच्या होकाराची गरज उरत नसे. पण सेन्सरही झोपत असे, कारण इलेक्ट्रिशियननं दोन्ही गोष्टी एकाच चावीवर घेतल्या होत्या. वेगळी वायर ओढा, असं तनुजा म्हणाली होती. पुढच्या वेळी बघू, असं मालक म्हणाले होते. मग तिनं निदान चावी तरी आपल्याकडं राहील म्हणून भांडण केलं, आणि ते जिंकलं. तेव्हापासून ती चावी तिच्या गळ्यात, ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवलेली असायची.

"चावी नाही मिळणार, दादासाहेब."

"आमी काय रोज मागतोय व्हय? परवाच समद्या मशिनींची पूजा झालीय. आज कायबी व्हत न्हाई."

"थोडं थांबा."

"मी थांबतो. कंपनी थांबत न्हाई." ते वळून लाइनीला म्हणाले, "चावी मिळाली तर कोण चालवतंय? नवनाथ?"

"बायपासवर? नको राव," नवनाथ म्हणाला. थट्टा त्याच्या तोंडावरून पार उतरली होती. "हात हायेत तोवर लग्न तरी करून घेऊ द्या."

कुणीच पुढं येईना. तेव्हा सोपानराव उठले आणि खांबाला वळसा घालून पोरीच्या टेबलाशी आले. ते खाली वाकले आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलले.

"दे माय चावी. मी चालवतो. तू बस निवांत तुझं तुझं करत."

"बाबा, नको."

"माझ्या पोरीपायी लाइन बंद पडली, असं कुणी म्हणू ने. लई जिव्हारी लागायलंय."

तनुजाच्या पडद्यावर ड्रायव्हर बांधला जात होता. ओळींमागून ओळी सरकत होत्या, आणि ह्या वेळी होणार असं तिला आतून वाटत होतं. डोकं बधिर झालेलं. पाठीमागं सगळी शेड तिच्याकडं बघत होती, आणि ते बघणं तिला कपड्यातून टोचत होतं. बाप समोरून दूर व्हावा, सगळ्यांनीच दूर व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

"पाय पॅडलवरून उचलायचा," ती म्हणाली. "दर वेळेला. आज सेन्सर नाही, कळलं ना?"

"मला शिकवायलीस का गं? सेन्सर नव्हता तवा काय आम्ही प्रेस चालवल्या नाईत?"

तिनं पट्टा डोक्यावरून काढला आणि पडद्यावरची नजर न हलवता त्यांच्या हातात दिला.

पाय पॅडलवरून उचलण्याचं ती का म्हणाली, ते शेडमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. पॅडल पायानं दाबलं की रॅम खाली येतो. पूर्वी पत्रा तिरका बसला की ऑपरेटर आधी पाय उचलायचा, मग हात घालून पत्रा सरळ करायचा, मग पुन्हा पाय. सेन्सर आल्यावर ही कटकट संपली. पाय पॅडलवर तसाच ठेवून हात घालायचा. रॅम आपोआप थांबतो. हात काढला की आपोआप खाली येतो. माल भराभर निघायला लागला. दादासाहेब खूश, मालक खूश. सोपानरावांनी तर एकदा तनुजाला मुद्दाम बोलावून, तिच्याकडं बघत बघत, डायमध्ये हात घालून दाखवला होता. रॅम त्यांच्या मनगटाच्या वर येऊन थांबला तेव्हा त्यांनी नवनाथला डोळा मारला होता. "माझ्या पोरीचं हाय," ते म्हणाले होते. आणि तनुजाला त्याचा अभिमान वाटला होता. असं करू नका, हे तिनं तेव्हा म्हटलं नव्हतं.

प्रेस सुरू झाली. धाड, मग जरा थांबून धाड. तो ठेका तिच्या कानात लहानपणापासूनचा, आणि तो ऐकून तिला चक्क बरं वाटलं. आता कुणी तिच्या डोक्यावर बसणार नव्हतं. ड्रायव्हर बांधून झाला, तिनं तो चढवला, कार्डाचं नाव यादीत दिसलं. नेटवर्क एकही दिसलं नाही. तिनं कपाळावर हात मारला. मग, आता दुसरं काही सुचतच नाही म्हणून, तिनं तो साधा एका ओळीचा आदेश दिला, जो सकाळी सगळ्यात आधी द्यायला हवा होता. ह्या कार्डाचा रेडिओ कुणी अडवून ठेवलाय का?

उत्तर तत्काळ आलं. सॉफ्टवेअरनं अडवलेला नाही. बटणानं अडवलाय.

जुन्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला वायफायचं एक सरकतं बटण असायचं, नखाएवढं. तिनं झेंडूची माळ बाजूला केली. बटण बंदच्या बाजूला सरकलेलं होतं, आणि त्याच्यावर कुंकू लागलेलं होतं. अंगठ्याचा ठसा होता तो, लहानसा, बटण सरकलं त्याच दिशेनं ओढला गेलेला. लॅपटॉप कुणी पुसला, कुणी धरला, कुंकवाचं बोट कुणाचं, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

तिनं बटण सरकवलं. कडेचा निळा दिवा लागला. पडद्यावर कारखान्याचं नेटवर्क आलं, मग एकेक करून सगळ्या प्रेसचे सेन्सर हिरवे होऊ लागले. ती खुर्चीवरून उठली, बाबांना सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की पुढची धाड झालेली नाही.

मग नवनाथ ओरडला.

ती खांबाला वळसा घालून धावली तेव्हा माणसांची भिंत झाली होती. तिला आधी काही दिसलं नाही. दिसलं ते पॅनेल, त्यात अडकलेली चावी, आणि चावीला लोंबकळणारं तिचं ओळखपत्र. फोटोतली तनुजा हसत होती. मग माणसं हलली आणि तिला सगळं दिसलं, आणि ते तिनं पुढं आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नाही.

हॉस्पिटल चिंचवडला होतं. उजव्या हाताचा अंगठा राहील, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही. आई सणासाठी केजला गेलेली, ती मिळेल त्या गाडीनं निघाली होती. बाकड्यावर शेजारी दादासाहेब येऊन बसले. बटण बंद होतं, एवढं ती वाटेत त्यांच्यापाशी बोलून गेली होती. त्यांचे डोळे सुजले होते; ते खरोखर रडले होते, हे कबूल करायला हवं. खिशातून त्यांनी तिचं ओळखपत्र काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. चावी पट्ट्याला नव्हती.

"हे तितं नव्हतंच, असं धरा," ते हळू म्हणाले. "उद्या सरकारी साहेब येत्याल. त्यांना सांगायचं, कौशल्याबाईनं लॅपटॉप पुसताना बटण हलावलं, तितनं समदं बिघडलं. बाई हो म्हणलीय."

"त्यांनी हातही लावला नव्हता."

"ती हो म्हणलीय, मॅडम. तिला काय, दुसरीकडं कुटं झाडू मिळल. तुमचं तसं हाय का? मामांचं आता असं झालं. घरात एक तरी पगार नको का?"

तनुजानं ओळखपत्र मांडीवर पालथं केलं. आपण नाही म्हणत नाही आहोत, याचा तिला तिथंच संताप आला. तेवढ्यात नर्सनं बोलावलं.

सोपानराव गुंगीतून वर येत होते. हात पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्यात होता आणि त्यांनी तिकडं पाहिलेलं दिसत नव्हतं. ते तिच्याकडं बघत होते.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

कशाबद्दल विचारताहेत ते तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, वायफायबद्दल.

"लागलं, बाबा."

"काय झालतं?"

"बटण बंद झालं होतं. पूजा करताना. माझ्याच हातानं."

ते आता शिव्या देतील, रडतील, निदान तोंड फिरवतील, म्हणून ती वाट बघत होती. त्यातलं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

"पत्रा तिरका बसला होता," ते म्हणाले. "सेन्सर नाई, हे ध्यानात होतं माझ्या. तू सांगितलतंस की. पण हातच गेला गं. हाताला वाटलं, थांबतंय."

ती तशीच उठून बाहेर आली. दादासाहेब बाकड्यावरच होते. कौशल्याबाईंचं नाव घ्यायचं नाही, ती म्हणाली. बटण मी बंद केलं आणि चावी मी दिली, आणि हे मी उद्या सांगणार. दादासाहेबांचा फोन वाजला, आणि ते उठून गेले.

तिनं सांगितलं. सरकारी साहेबांनी ऐकून घेतलं, सही घेतली आणि ते गेले. तिला कामावरून कमी केलं. कौशल्याबाईंनाही काढलं ते काढलंच. एकदा नाव निघालेली बाई आवारात नको, असं मालकांचं म्हणणं पडलं. वेगळी वायर ओढायचं पुढच्या वेळी बघू, असं ठरलं.

लॅपटॉपचा पासवर्ड सांगायला आणि सोपानरावांचा डबा न्यायला ती काही दिवसांनी शेडमध्ये गेली. दादासाहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर खिळा ठोकला होता आणि बायपासची चावी तिथं टांगलेली होती, येताजाता कुणाच्याही हाताला येईल अशी. तिच्या टेबलावर लॅपटॉप चालू होता. झेंडू वाळून काळा पडला होता तरी माळ कुणी काढली नव्हती. पडद्यावर सगळे सेन्सर हिरवे होते. कार्डाचा सिग्नल इतका चांगला कधीच नव्हता.

खांबापलीकडं बाबांची प्रेस चालू होती. धाड, मग जरा थांबून धाड. डबा हातात घेऊन ती वळसा घालून पुढं आली. प्रेसवर नवनाथ होता, बायपासवर बसायला नाही म्हणालेला नवनाथ. पत्रा तिरका बसला. त्यानं पॅडलवरचा पाय तसाच ठेवला आणि डायमध्ये हात घातला, पार कोपरापर्यंत. रॅम त्याच्या हाताच्या वर येऊन थांबला.

"हात काढ!" तनुजा किंचाळली. डबा खाली पडला, झाकण घरंगळत गेलं. "पाय उचल आधी! पाय!"

सगळी लाइन थांबून बघायला लागली. नवनाथनं दचकून हात काढला. रॅम खाली आला, धाड झाली, सरळ बसलेला पत्रा ठोकून निघाला. त्यानं एकदा आपल्या पायाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. तो थट्टा करत नव्हता; ती का ओरडते आहे, ते त्याला खरंच कळत नव्हतं.

"थांबतंय की, ताई," तो म्हणाला. "तुमीच तर बसवलंय."